जुलैतले पापड

बाळ्या,

खाली जिन्याजवळ तुझा फळा अजून तसाच आहे, तू हॉस्पिटलात गेलास त्या सकाळचा. ‘टाकी: दीड हात. बेताने वापरा.’ तुझं उजवीकडे कललेलं अक्षर, आणि ‘बेताने’खाली ओढलेली रेघ. तू गेल्याला अकरा दिवस झाले, फळ्यावर पाणी दीड हातच आहे. मधे एक दिवस टाकी पार कोरडी पडली. तिसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू अंगाला साबण फासलेले, टॉवेल गुंडाळून जिन्यात आले आणि ओरडले, “अरे, बोर्ड पे तो डेढ हाथ लिखा है!” फळा पुसायला कोणाचा हात होत नाही. मीसुद्धा रोज खडू उचलते आणि परत ठेवते.

तू होतास तोवर त्या फळ्यावर कधी खोटं लिहिलं गेलं नाही. आता लिहिलेलं आहे, आणि तेही तुझ्याच अक्षरात.

खोट्याबद्दलच बोलायचंय. तुला मी जन्मात दोनदा मोठं खोटं सांगितलं. बारीकसारीक धरत नाही. तुझ्या लग्नात फेट्याकडे बघून ‘राजबिंडा दिसतोस’ म्हटलं होतं ते सोडून दे. दोन मोठी. दोन्ही वेळा तू मला पकडलंस. पहिल्यावरून आपण पस्तीसेक वर्षं भांडलो. दुसऱ्याचं खरं सांगायला मी चहा पिऊन परत आले, तोवर तुझे डोळे मिटले होते. ते राहून गेलं. चिनू म्हणते, “आज्जी, लिहून काढ, मन हलकं होईल.” नातीला काय सांगू? मला हलकं व्हायचं नाहीये. मला तुला सांगायचंय.

पहिलं खोटं सांगणारी बाई तुझ्या डोळ्यांपुढे असेलच. पस्तीस वर्षांची, महिला मंडळाची उपाध्यक्ष, तोंडापेक्षा मोठा चष्मा, आणि आपल्याइतकं डोकं अख्ख्या जोगेश्वरी पूर्वेत कोणाला नाही अशी पक्की खात्री. ती आज समोर आली तर मी तिला बसवीन, पाणी देईन, आणि मग एक ठेवून देईन.

तू तेव्हा मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये जनरेटर उघडायचास. पेपरात जाहिरात आली: दक्षिण ध्रुवाकडच्या आपल्या केंद्रावर डिझेल मेकॅनिक पाहिजे, अख्खा हिवाळा तिथे काढायची तयारी असलेला. ती जाहिरात मीच कापून तुझ्या ताटाशेजारी ठेवली, थट्टेने. “जा, डोकं तरी जरा थंड होईल.” तू खरंच अर्ज केलास. निवड झाली तेव्हा तीच शहाणी मोरीत नळ सोडून रडत बसली होती.

आईला नकाशा दाखवलास, तर तिने आधी चष्मा पुसला.

“थंय मासे गावतत काय रे?”

“असतील गं, बर्फाखाली.”

“मगे काय काळजी नाय.”

तरी तिने मसाला कुटला, सोलं दिली, कुळथाचं पीठ दिलं, सुकट तीन-तीन पिशव्यांत बांधली. आणि सगळ्यांच्या तळाशी तुळशीतली चिमूटभर माती, पुडी करून. ती तू काढून ठेवलीस. माती न्यायची नाही, बी न्यायचं नाही, तिथल्या जमिनीत आपलं काही रुजता कामा नये असा नियम आहे, म्हणालास. आई बर्फाच्या फोटोकडे बघत राहिली. “थंय रुजतला काय, माझा कपाळ?”

फोन तेव्हा बिल्डिंगमध्ये एकच, पहिल्या मजल्यावर नाईकबाईंकडे. दर दुसऱ्या रविवारी दुपारी तू सॅटेलाइटवरून बोलायचास, मोजून तीन मिनिटं. आपण एक वाक्य बोलायचं, दोन श्वास थांबायचं, मग तुझं उत्तर यायचं. आईला ते थांबणं कधी जमलं नाही. ती आणि तू एकाच वेळी बोलायचात, एकमेकांच्या अंगावर, आणि तीन मिनिटं संपायची. मग ती मला विचारायची, “काय म्हणालो तो?”

तू काय सांगायचास ते मला अजून पाठ आहे. जहाज वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात येतं. ते परतलं की समुद्र गोठतो, आणि मग जे आहे ते आहे. तेल आहे तोवर ऊब, ऊब आहे तोवर पाणी, पाणी आहे तोवर भात. तीन जनरेटर, एक चालू, एक तयार, एक तुझ्यासमोर उघडा पडलेला. धान्याचे ढीग दोन, एक मोठ्या इमारतीत आणि दुसरा लांबच्या खोलीत, स्टोव्ह आणि कांबळ्यांसकट. कारण बर्फाच्या मुलखात माणूस सगळ्यात जास्त आगीला भितो. पाणी सगळं गोठलेलं, विझवणार कशाने? आणि कांदे-बटाटे माणसांसारखे उबेत ठेवायचे. एकदा गोठले की दगड, आणि दगडाला ऊब लागली की चिखल.

ते कांद्याचं आईच्या डोक्यात बसलं. “म्हंजे कांद्याक बाळ्यापरास बरी खोली दिल्यानी?” हे तिने बिल्डिंगभर सांगितलं.

मग आषाढातला तो मंगळवार. आईने सकाळी चहा घेतला, कप विसळला, पालथा घातला. म्हणाली, “आयतवारी बाळ्याक सांग, कांदे एकमेकांक लागाक देव नको. पोत्यार पसर म्हणा.” आणि भिंतीला टेकली. मला वाटलं डुलकी लागली. मी पोळ्या लाटत होते. सहा पोळ्या होईपर्यंत मला कळलं नाही, बाळ्या. सहा पोळ्या.

चुलतभावाने अग्नी दिला. एकुलता एक मुलगा असताना. रविवार पाच दिवसांवर होता आणि घरात ज्याला त्याला मत होतं. आमचे हे म्हणाले, “सांगून टाक, त्याचा हक्क आहे.” नाईकबाई म्हणाल्या, “नका हो सांगू, पोर एकटं आहे तिकडे.” ती मोठ्या चष्म्याची बाई मधे उभी राहिली आणि म्हणाली, ठरलं. तिथे आत्ता सूर्य उगवतच नाही. हा मशीन बघतो म्हणून वीस-बावीस माणसं जिवंत आहेत. हा खचला तर त्यांचं काय? याला येता येणार नाही, आपल्याला जाता येणार नाही. जहाज येईपर्यंत कळवायचं नाही. त्याच्या ऑफिसलाही नाही.

बघ, कसं पंतप्रधानांसारखं ठरवलं.

रविवारी फोन वाजला. नाईकबाईंच्या टेबलावर फोनशेजारी त्यांचा पापडांचा डबा होता, मे महिन्यात केलेल्या पापडांचा. मला तो अजून दिसतो. पिवळं झाकण होतं.

“आक्का, आई कुठाय? आज ओरडली नाही ती?”

दोन श्वास. खरं बोलायला तेवढे पुरले असते.

“आई ना? आई वर गच्चीवर आहे. पापड वाळत घालतेय.”

जुलै महिना. तीन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. नाईकबाईंच्या खिडकीवरचा पत्रा असा वाजत होता की मला स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तुला तिकडे आधी पत्राच ऐकू आला असणार. नाईकबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दोन श्वास झाले. चार झाले. सहा.

“बरं,” तू म्हणालास. “तिला म्हणावं, पापड जप.”

“ती म्हणते, कांदे एकमेकांना लागू देऊ नको. पोत्यावर पसर.”

“पसरतो.”

आणि लाइन गेली. मी फोन ठेवला आणि नाईकबाईंना म्हटलं, “बघा! काही कळलं नाही त्याला.” इतकी खूश होते स्वतःवर, की वर जाऊन आईच्या फोटोलाही सांगितलं.

त्यानंतर तू आईला फोनवर बोलाव असं कधी म्हणाला नाहीस. तुझं न विचारणं मला ऐकूच आलं नाही. न विचारताच मी सांगत राहायचे. आज देवळात गेलीय, आज मावशीकडे, आज जरा पडलीय, पाय दुखतात. गुडघ्यांमुळे जी बाई फोनपुरती नाईकबाईंकडे उतरायची, त्याखाली जिना उतरत नव्हती, ती मेल्यावर मी तिला आठ महिने गावभर फिरवली.

तू परत आलास तो दिवस. मी काय काय घोकून ठेवलं होतं! आधी पाणी द्यायचं, मग बसवायचं, मग हात हातात घ्यायचा. तू दारात बॅग ठेवलीस, बूट काढलेस आणि विचारलंस, “फोटो कुठे लावलास?”

माझं घोकलेलं सगळं तिथेच गळून पडलं. “तुला कोणी सांगितलं?”

“तूच. जुलैत पापड, आक्का?”

मग तू जे सांगितलंस ते मी नीट ऐकून घेतलं नाही, बाळ्या. त्यावेळी नाही. मी भांडत होते. आता तुझ्या समोर ते परत मांडते, म्हणजे तुला कळेल की ऐकलं होतं.

त्या फोनपासून तू दहा दिवस मोजलेस. तारीख मी तुला दिली नव्हती, म्हणून तुझा दहावा पाच दिवस उशिरा आला. तू भात शिजवलास. काळे तीळ नव्हते. तिळगुळासाठी आलेल्या पांढऱ्या तिळातले चिमूटभर घेतलेस. पिंड केलास, ताटलीत ठेवलास आणि दार उघडून अंधारात हात बाहेर धरलास. कावळा तर त्या मुलखातच नाही. उन्हाळ्यात एक दांडगा पक्षी येतो, माणसाच्या हातातला घास पळवणारा. हिवाळ्यात तोही निघून गेलेला. शेकडो मैलांत पंख असलेलं काही नाही. आणि अन्न उघड्यावर सोडायचं नाही हा तिथला कायदा. दोन मिनिटांत भाताचा दगड झाला. तू तो आत आणलास, जनरेटरच्या गरम पाइपावर ठेवलास, मऊ झाला तसा तिथेच उकिडवा बसून खाल्लास.

“पिंड खातात का रे, मेल्या!” मी ओरडले होते. एवढंच सुचलं मला.

“मग काय करू? तिथे अन्न टाकत नाहीत. आणि आईला चाललं असतं.”

तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. बोललास तेव्हा त्या भल्या माणसाची गोष्ट काढलीस. तुमच्यातलाच एक, तेलाच्या टाक्यांचा हिशेब ठेवणारा. टाकीत पट्टी बुडवून तेल किती राहिलं ते बघायचं, याला तुम्ही डीप घेणं म्हणायचात. कुठेतरी गळती होती, त्याची डीप कमी यायला लागली. त्याने विचार केला, आपण गळती शोधू, तोवर सगळ्यांना कशाला घोर? वहीत तो गळती नसल्यासारखा, हिशेबाने उरायला हवा तोच आकडा लिहीत राहिला. तुम्हाला कळलं तेव्हा हिवाळा अजून अर्धा बाकी होता. मग सगळे एका खोलीत, दिवसातून एकदाच गरम जेवण, आणि लांबच्या टाकीतून तेल ओढून आणताना एकाच्या हाताची दोन बोटं गेली.

“तो वाईट नव्हता, आक्का. तुझ्यासारखाच होता. आधी कळलं असतं तर पहिल्या दिवसापासून पुरवून वापरलं असतं.”

“आई म्हणजे काय तेलाची टाकी?”

“किती उरलंय ते ज्याचं त्याला कळायला नको? ते ठरवणारी तू कोण?”

“वीस-बावीस माणसांसाठी केलं मी!”

हेच भांडण आपण दरवर्षी आईच्या तिथीला केलं. जेवण झाल्यावर, हात धुवायच्या आत. तुझी सुमन नवी सून होती तेव्हा घाबरायची, नंतर नंतर तीच म्हणायला लागली, “चला, सुरू करा दोघं, मला भांडी घासायचीत.” आणि घरात कोणी थाप मारली की सगळ्यांचा एकच शब्द झाला. तुमचा समीर शाळेत मार्क लपवायला लागला की तू पेपरातून मान वर न करता म्हणायचास, “पापड?”

तू पुढे जे केलंस ते सगळं त्याच हिवाळ्यातून आलं, हे आम्हाला उशिरा कळलं. पाइपचा गॅस आला तरी सिलिंडर परत करू दिला नाहीस. तांदूळ दोन डब्यांत, दोन खोल्यांत. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर रोज सकाळी गच्चीवर जाऊन टाकीत बांबू बुडवायचास आणि खाली फळ्यावर लिहायचास. लोकांनी वर्गणी काढून लाल-हिरवे दिवे लागणारं यंत्र बसवलं, तरी तुझा बांबू चालूच. मी चिडवायचे, “बाळ्या, हे जोगेश्वरी आहे, इथे बर्फ पडत नाही.” तू म्हणायचास, “पाणी तर जातं ना?”

आणि आता दुसरं खोटं.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये समीर मला बाजूला घेऊन म्हणाला, “आत्या, डॉक्टर म्हणतात काही आठवडे. बाबांना बोलू नकोस हां. खचतील ते.” अगदी हाच शब्द. वाटलं, याने मोठा चष्मा कधी घातला? आणि एवढं कळूनही मी काय केलं? मान हलवली. सत्तरी उलटलेली, ठेच लागून शहाणी झालेली ही बाई, नंदीबैलासारखी मान हलवून आत आली.

दुपारचं ऊन होतं. तू उशीवर कलून बसला होतास. बोट उभं धरलंस आणि अंगठा त्यावरून खाली सरकवलास.

“आक्का, डीप किती?”

“अर्ध्याच्या वर आहे रे. उगाच काय विचारतोस!”

“खरं कळलं तर पुरवून वापरीन ना गं.”

“आहे म्हटलं ना अर्ध्याच्या वर.”

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. लहानपणी मी तुझ्या वाटणीचा लाडू खाऊन तोंड पुसून आले की बघायचास, तसं.

“जुलैत पापड,” म्हणालास, आणि हसलास. ते हसणं खोकल्यात गेलं. मी “चहा घेऊन येते” म्हणून उठले.

खाली कॅन्टीनमध्ये मी चहा समोर ठेवून ठरवलं, सांगायचं. समीर रागावला तर रागावू दे. वर आले तर तुला झोप लागली होती. सुमन शेजारी स्टुलावर होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, उद्या. आठवडे आहेत म्हणालेत ना डॉक्टर.

डॉक्टरांची डीप चुकली. पहाटे समीरचा फोन आला.

घरी आणल्यावर सुमनने मला एवढंच विचारलं, “आक्का, त्यांना कळलं होतं का हो?” मी म्हटलं, “नाही गं. शांत होता.” म्हणजे दोन नव्हे, अडीच धर.

काल दहावा केला. समीरला घाटावर जायचं होतं. मी म्हटलं, गच्चीवर, टाकीपाशी. माझे गुडघे आता आईचे झालेत, आणि घाटावर बायकांना मागे उभं करतात ते मला चालणार नव्हतं. गुरुजींनी हरकत घेतली नाही. पिंड मांडले. मे महिन्याचं ऊन, नऊ वाजताच फरशी चटके देत होती.

कावळे भरपूर होते. टाकीवर तीन, केबलवर दोन. एकही खाली येईना. समीरने हात जोडून सांगितलं, “बाबा, आईला मी सांभाळीन.” कावळे ढिम्म. कोणीतरी म्हणालं, सोसायटीचं काहीतरी राहिलं असेल, मग नवा सेक्रेटरी पुढे झाला आणि म्हणाला, “साहेब, टाकीची गळती या महिन्यात काढतो.” एका कावळ्याने पंख झाडले, तेवढंच. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले. काय बोलले सांगू? “बाळ्या, काळजी करू नको. मी अगदी ठणठणीत आहे. मला काही होत नाही.”

तेवढ्यात टाकीवरचा एक कावळा उडाला. सगळ्यांनी श्वास धरला. तो पिंडांच्या वरून गेला, पलीकडे कठड्याशी नाईकबाईंनी प्लॅस्टिकवर वाळत घातलेल्या पापडांवर उतरला, एक उचलला आणि घेऊन गेला.

मला हसू आलं. गालातल्या गालात नव्हे. पोट धरून, फरशीवर बसून. समीरला वाटलं मला चक्कर आली. गुरुजी म्हणाले, “आजींना सावलीत न्या.” नव्वदीला टेकलेल्या नाईकबाई काठीवर उभ्या होत्या, त्यांना मात्र कळलं. त्यांनी तसाच कपाळावर हात मारून घेतला आणि डोळ्यांना पदर लावला.

मी असं म्हणत नाही की तो तू होतास. कावळ्याला पापड आवडतो, एवढंच ते असेल. पण पकडली गेले, हे खरं.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मंडळी खाली गेली. पिंड न्यायला समीर परत येणार होता. सुमन आणि मी टाकीच्या सावलीत बसलो होतो. मी तिला सांगितलं. “सुमन, त्याला कळलं होतं. त्याने मला विचारलं होतं, मी खोटं सांगितलं आणि त्याने ते पकडलं.”

मला वाटलं आता ही उठून जाईल. उठली असती तर बरोबरच होतं. ती नखाने फरशी टोकरायला लागली. मग म्हणाली, “तरीच.”

“काय तरीच?”

“त्या संध्याकाळी झोपेतून उठले आणि मला म्हणाले, आज समीरला घरी पाठव, तू थांब. मग रात्रभर बोलत होते. लग्नाआधी तिकडे आकाशात हिरवा उजेड बघितला होता, ते मला कधी सांगितलंच नव्हतं त्यांनी. सगळं सांगितलं. मला वाटलं, औषधाने बरं वाटतंय.” मग म्हणाली, “तुम्ही चहाला गेलात त्यानंतरचं हे, आक्का.”

म्हणजे वापरलंस. माझ्या खोट्यातून खरी डीप काढलीस आणि जे होतं ते नीट पुरवलंस, सुमनला दिलंस. तसंच, जसं तेव्हा पत्र्यावरच्या पावसातून आई गेल्याचं ऐकलंस. मी आयुष्यभर समजत होते की मी तुला सांभाळलं. तू माझं खोटंसुद्धा सांभाळून घेत होतास.

पण एक तुला कधीच कळलं नाही, कारण ते मलाही नीट माहीत नव्हतं. वीस-बावीस माणसांसाठी मी काही केलं नाही रे. त्यांची तोंडंसुद्धा मला ठाऊक नव्हती. मला भीती होती ती तीन मिनिटांची. मी सांगितलं असतं, तू दोन श्वासांनी रडायला लागला असतास, आणि लाइन कट झाली असती. मग पंधरा दिवस मला कळलं नसतं की तू रडायचा थांबलास की नाही. ते मला झेपणार नव्हतं. म्हणून तुझी आई मी तुझ्यापासून लपवली. हॉस्पिटलमध्येही तेच. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. पस्तीस वर्षांचं भांडण तू जिंकलास. घे.

सुमनचं ऐकल्यावर मी उठले आणि पिंडातला चिमूटभर भात तोंडात घातला. सुमन दचकली. “आक्का, काय करताय?”

“त्याने आईचा खाल्ला होता.”

तिला ही गोष्ट माहीत होती, दरवर्षी भांडी घासताना ऐकलेली. तिने हात पुढे केला. मी तिच्या तळहातावर थोडा ठेवला. अळणी होता, वर काळे तीळ. समीर यायच्या आत आम्ही दोघींनी पदराने तोंड पुसलं, लाडू चोरल्यासारखं.

आता हे कागद मिटते आणि वर जाते. तुझा बांबू टाकीमागेच उभा आहे. डीप घेईन, आणि खाली येऊन फळा पुसेन. तुझं अक्षर पुसताना कोणी बघायला नको म्हणून दुपारची वेळ धरलीय. जे असेल ते लिहीन. रेघही मारीन.

जाता-येता सगळे विचारतात, “आक्का, कशा आहात?” मी म्हणते, “झकास.” तुला तेवढी खरी डीप सांगते, बाळ्या. काठी तळाला टेकतेय. आजचा दिवस निघेल एवढं आहे.